हाड, साखर आणि टेस्टोस्टेरॉन : एका दाव्याची कागदपत्रं

मार्च २०११ मध्ये 'सेल' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पहिले लेखक फ्रँक ऊरी, गटप्रमुख जेरार्ड कार्सेंटी. दावा असा होता : हाड घडवणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतात, ते वृषणांपर्यंत पोहोचतं आणि तिथं टेस्टोस्टेरॉनची निर्मिती वाढवतं. याच गटाने चार वर्षं आधी, २००७ मध्ये, याच प्रथिनाचा संबंध इन्सुलिनशी आणि रक्तातल्या साखरेशी जोडला होता. दोन्ही निबंध एकत्र वाचले की पुरुषाचं हाड, त्याची साखर आणि त्याचं टेस्टोस्टेरॉन एकाच सूत्रात ओवलेलं दिसत होतं.

मे २०२० मध्ये 'प्लॉस जेनेटिक्स' या नियतकालिकात दोन निबंध शेजारी-शेजारी आले, एक अमेरिकेतून आणि एक जपानमधून. दोन्ही गटांनी ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्याने तयार केले होते. दोन्हीकडे साखर नेहमीसारखी निघाली. अमेरिकेतल्या नरांना पिल्लं नेहमीसारखी झाली, जपानमधल्या नरांचं टेस्टोस्टेरॉनही जागच्या जागी होतं.

या दोन तारखांमध्ये नेमकं काय सिद्ध झालं होतं? आज एखाद्या पुरुषाला मधुमेह असेल किंवा त्याचं टेस्टोस्टेरॉन कमी असेल, तर या संशोधनातून त्याच्या हाती काय लागतं? उत्तर हवं असेल तर निबंध सालवार लावून वाचावे लागतात. पुढची मांडणी त्यांवरच आधारलेली आहे. जो कागद ज्या साली छापला, त्याची साक्ष त्या सालापुरतीच धरली आहे. मागाहून लिहिलेल्या आढाव्यांत सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं असा सूर लागतो. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापताना इतिहाससंशोधक राजवाड्यांनी अस्सल पत्र आणि बखर यांत जो भेद केला, तो इथंही पाळायला हवा.

प्रथिन हाती लागतं : १९७५ ते १९८०

पहिला कागद १९७५ चा. पीटर हॉश्का, जेन लियन आणि पॉल गॅलप यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात नोंदवलं की, कॅल्शियमला धरून ठेवणारं एक खास अमिनो आम्ल हाडात सापडतं. आदल्याच वर्षी ते रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनात सापडलं होतं. दुसरा कागद १९७६ चा, कॅलिफोर्नियातल्या पॉल प्राइस यांच्या गटाचा. त्यांनी हे अमिनो आम्ल बाळगणारं हाडातलं प्रथिन वेगळं काढून त्याची रचना तपासली.

माणसातलं हे प्रथिन अगदी लहान आहे, अवघ्या ४९ अमिनो आम्लांचं. त्यातल्या १७, २१ आणि २४ या स्थानांवर के जीवनसत्त्वाच्या मदतीने एक-एक जादा कार्बॉक्सिल गट बसतो. हे गट बसले की प्रथिन हाडातल्या कॅल्शियमच्या स्फटिकांना घट्ट चिकटतं. २००३ मध्ये 'नेचर'मध्ये डुकराच्या ऑस्टिओकॅल्सिनची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. प्रथिनाने धरलेल्या कॅल्शियमच्या अणूंची मांडणी हाडाच्या खनिजातल्या कॅल्शियमच्या मांडणीशी जुळते, असं तिच्यातून दिसलं. तिन्ही गट नीट बसले नाहीत, तर प्रथिनाची हाडावरची पकड ढिली होते आणि ते रक्तात सहज मोकळं राहतं. पुढच्या सगळ्या वादात 'संप्रेरक' म्हणून पुढे येतं ते हेच ढिल्या पकडीचं रूप.

१९८० मध्ये प्राइस आणि निशिमोटो यांनी हे प्रथिन रक्तात मोजण्याची चाचणी प्रसिद्ध केली. तेव्हापासून हाड किती वेगाने घडतंय याची खूण म्हणून डॉक्टर ते मोजत आले. ते रक्तातून कुठे जाऊन काही हुकूम सोडत असेल, असं या काळातले कागद म्हणत नाहीत.

जनुकं काढलेला उंदीर : १९९६

पॅट्रिशिया ड्यूसी, कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी टेक्सासातल्या ह्यूस्टन इथं ऑस्टिओकॅल्सिन नसलेला उंदीर तयार केला आणि १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये त्याची हकिकत दिली. उंदराच्या हाडात ऑस्टिओकॅल्सिन बनवणारी दोन जनुकं गुणसूत्राच्या एकाच पट्ट्यात जवळजवळ आहेत. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे भ्रूणाच्या मूलपेशींतून ती काढून टाकली आणि त्या पेशींपासून उंदरांचा वंश वाढवला.

निष्कर्ष अनपेक्षित होता. प्रथिन नसल्यामुळे हाड कमकुवत व्हायला हवं होतं, पण ते उलट जास्त आणि अधिक मजबूत भरलं. म्हणून ऑस्टिओकॅल्सिन हाडाच्या वाढीला लगाम घालतं, असं लेखकांनी ठरवलं. निबंधाचं शीर्षक हाडाच्या वाढत्या निर्मितीबद्दल आहे आणि सारांशही हाडाबद्दलच बोलतो. साखर, इन्सुलिन आणि टेस्टोस्टेरॉन त्या सारांशात नाहीत. पुढचे मोठे दावे बहुतांशी याच वंशाच्या उंदरांवर उभे राहिले, म्हणून या कागदाचं महत्त्व जास्त.

साखरेकडे वळण : २००७ आणि २०१०

ऑगस्ट २००७ मध्ये 'सेल'मध्ये ना क्युंग ली आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गट कार्सेंटींचाच, आता कोलंबियातला. ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांत रक्तातली साखर जास्त, इन्सुलिन कमी आणि चरबी जास्त असल्याची नोंद त्यांनी केली. दुसऱ्या बाजूला, ऑस्टिओकॅल्सिनला आवर घालणारं एस्प नावाचं जनुक काढलेले उंदीर होते. त्यांच्यात साखर कमी होती, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जास्त होत्या आणि ते लठ्ठपणापासून बचावत होते. मग एस्प नसलेल्या उंदरांतून ऑस्टिओकॅल्सिनची एक प्रत काढली, तेव्हा त्यांची साखर आणि इन्सुलिन पूर्वपदावर येऊ लागलं. दोन विरुद्ध टोकांचे उंदीर एकाच प्रथिनाकडे बोट दाखवत होते. निबंधाची खरी ताकद या जोडीत आहे.

२०१० मध्ये 'सेल'च्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक कोलंबियाचा आणि दुसरा जॉन्स हॉपकिन्सच्या थॉमस क्लेमेन्स यांच्या गटाचा. इन्सुलिन हाड घडवणाऱ्या पेशींवर काम करतं आणि त्यातून रक्तातलं ढिल्या पकडीचं ऑस्टिओकॅल्सिन वाढतं, असं दोघांनीही मांडलं. कोलंबियाच्या निबंधात याची वाटही दाखवली होती : हाड झिजवणाऱ्या पेशी जे आम्ल सोडतात, त्या आम्लात ऑस्टिओकॅल्सिनचे कार्बॉक्सिल गट सुटतात. इन्सुलिनपासून हाडाकडे आणि हाडापासून परत स्वादुपिंडाकडे, असं वर्तुळ पूर्ण झालं. जॉन्स हॉपकिन्सचा गट स्वतंत्र होता, त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन आहे.

मात्र माणसाकडे येताना एक अडचण उभी राहते. एस्प हे जनुक माणसात चालतच नाही. आपल्या जनुकसंचात त्याचे फक्त निकामी अवशेष आहेत. म्हणून माणसात त्याचं काम दुसरं एखादं प्रथिन करत असावं, असं गृहीत धरावं लागलं. या जोडीतला एक उंदीर माणसाला थेट लागू होत नाही, ही गोष्ट पुढच्या लोकप्रिय लेखांत क्वचितच येते.

वृषणांपर्यंतचा प्रवास : २०११ आणि २०१३

२०११ च्या निबंधातला मूळ प्रयोग सुटसुटीत आहे. हाड घडवणाऱ्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांच्याभोवतीचा द्रव काढून घेतला. तो उंदराच्या वृषणाच्या तुकड्यांवर घातला, तेव्हा टेस्टोस्टेरॉन वाढलं. तोच द्रव अंडाशयाच्या तुकड्यांवर घातला, तेव्हा इस्ट्रोजेन वाढलं नाही. ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांच्या पेशींचा द्रव घातला, तर परिणाम झाला नाही. मग जिवंत नर तपासले. ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या नरांची वृषणं लहान होती, शुक्राणू कमी होते, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि त्यांना पिल्लं कमी होत होती. एस्प नसलेल्या नरांत चित्र उलट होतं. वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींवरचा जीपीआरसी६ए नावाचा ग्राही ऑस्टिओकॅल्सिनचा निरोप स्वीकारतो, असं लेखकांनी सांगितलं. हा ग्राही नसलेल्या नरांत मादीसारखी लक्षणं आणि चयापचयाचा बिघाड दिसतो, हे डॅरिल क्वॉर्ल्स यांच्या गटाने २००८ मध्येच छापलं होतं.

नेहमीची वैद्यकीय समजूत अशी की, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच हे संप्रेरक सोडते आणि त्यामुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन बनतं. २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'मध्ये ऊरी आणि सहकाऱ्यांनी या वाटेला समांतर दुसरी वाट मांडली : स्वादुपिंड, हाड आणि वृषण. याच निबंधात माणसंही आली. वृषणांचं काम मुळातच कमी असलेल्या रुग्णांत त्यांनी ग्राहीचं जनुक तपासलं. दोन पुरुषांत त्याच्या एका प्रतीत बिघाड सापडला. प्रयोगशाळेत तपासल्यावर त्या बिघाडामुळे ग्राही नीट काम करत नाही, असं दिसलं.

दोन रुग्ण ही महत्त्वाची खूण आहे, पण त्यावरून सगळ्या पुरुषांचा नियम बांधता येत नाही.

माणसांचे कागद

उंदरांचे निबंध येत होते, त्याच काळात माणसांच्या रक्तातही हा संबंध शोधणं सुरू झालं. स्वीडनमधल्या वृद्ध पुरुषांच्या पाहणीत (२००९) ज्यांचं ऑस्टिओकॅल्सिन जास्त, त्यांची चरबी आणि साखर कमी, असं दिसलं. त्याच वर्षी जपानमधल्या शिमाने विद्यापीठाच्या गटाने टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत असाच मेळ नोंदवला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथं सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत कमी ऑस्टिओकॅल्सिन आणि चयापचय-विकारांचा समूह एकत्र आढळला (२०१०). मेयो क्लिनिकच्या गटाने २०११ मध्ये वाढत्या वयाच्या मुलांच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिन आणि टेस्टोस्टेरॉन यांचा संबंध दाखवला. २०१३ मध्ये शिमानेच्याच गटाला मधुमेही पुरुषांत ढिल्या पकडीचं ऑस्टिओकॅल्सिन आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन सोबत वाढताना दिसलं.

या पाहण्यांचे कागद खरे आहेत आणि त्यांतले आकडेही खरे आहेत. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं ठरत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हाडही झपाट्याने वाढतं. हाड घडत असेल तर ऑस्टिओकॅल्सिन वाढणारच. पोट सुटलेल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं, त्याला मधुमेहाचा धोका जास्त असतो, आणि मधुमेहात हाडाची घडण मंदावते. मग कमी ऑस्टिओकॅल्सिन हे कारण की परिणाम, हे फक्त रक्ताच्या आकड्यांवरून कळत नाही.

म्हणून प्रत्यक्ष उपचारांच्या चाचण्या जास्त महत्त्वाच्या. त्यांतल्या दोन इथं उपयोगी पडतात. के जीवनसत्त्व दिलं की ऑस्टिओकॅल्सिनवर कार्बॉक्सिल गट नीट बसतात आणि ढिल्या पकडीचं रूप कमी होतं. उंदरांवरून बांधलेला सिद्धान्त खरा असेल, तर अशा पुरुषांचं इन्सुलिन बिघडायला हवं. २००८ मध्ये 'डायबेटिस केअर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वयस्कर स्त्री-पुरुषांना ३६ महिने रोज ५०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व दिलं. पुरुषांत इन्सुलिनला होणारा विरोध उलट कमी वाढला. दुसरा पुरावा २०१३ चा. हाडाची झीज रोखणाऱ्या औषधांनी ऑस्टिओकॅल्सिनही घटतं. अशा तीन औषधांच्या मोठ्या चाचण्यांत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची साखर तपासली, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हा पुरावा स्त्रियांचा आहे आणि टेस्टोस्टेरॉनबद्दल तो काहीच सांगत नाही. पण साखरेच्या बाजूने तो दाव्याला आधार देत नाही.

२०२० : नवे उंदीर

अमेरिकी निबंधाच्या पहिल्या लेखिका कॅसांड्रा डिगेल, ज्येष्ठ लेखक बॉस्टनचे मॅथ्यू वॉरमन आणि मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स इथले बार्ट विल्यम्स. जपानचा निबंध ताकेशी मोरिइशी आणि नागासाकीचे तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाचा. अमेरिकी गटाने क्रिस्पर ही नवी जनुक-कात्री वापरली. दोन्ही गटांनी १९९६ च्या गटाने काढलेली तीच दोन जनुकं निकामी केली.

अमेरिकी उंदरांच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिनचा मागमूस नव्हता, तरी साखर आणि नरांची प्रजननक्षमता नेहमीसारखी होती. जपानी उंदरांतही साखर, टेस्टोस्टेरॉन आणि स्नायू जागच्या जागी होते.

इथं तिन्ही कागद शेजारी ठेवून हाडाचीच नोंद वाचायला हवी. १९९६ चे उंदीर : हाड जास्त, ताकदही जास्त. अमेरिकी उंदीर : हाडाचं प्रमाण आणि ताकद भावंडांइतकीच, फक्त हाडाच्या रासायनिक घडणीत फरक. जपानी उंदीर : हाडाचं प्रमाण तेवढंच, पण ताकद कमी, कारण खनिजाचे स्फटिक कोलॅजनच्या धाग्यांना समांतर बसण्याऐवजी अस्ताव्यस्त बसलेले. म्हणजे या वंशांतली तफावत साखर-टेस्टोस्टेरॉनच्या आधी हाडापासूनच सुरू होते. ऑस्टिओकॅल्सिन हाडात नेमकं काय करतं, यावरही तीन कागदांची तीन उत्तरं आहेत. तीन वंशांत प्रथिन एकच गेलं असेल आणि परिणाम तीन निघाले असतील, तर प्रथिनाखेरीज आणखी काहीतरी बदललं असलं पाहिजे. जनुकं काढताना शेजारच्या जनुकांच्या कामात झालेला बदल, उंदरांच्या जातीतला फरक आणि त्यांच्या भोवतालातला फरक या शक्यता अमेरिकी लेखकांनी स्वतःच मांडल्या. निकालातली तफावत आपल्याला समजावून सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि आपले उंदीर जॅक्सन लॅबोरेटरीला देऊन कोणत्याही प्रयोगशाळेला ते तपासता येतील, अशी सोय केली. या सगळ्या कागदपत्रांत अनुकरण करण्यासारखी कृती हीच.

पाठोपाठ त्याच नियतकालिकात स्टाव्ह्रोस मॅनोलागास यांनी ऑस्टिओकॅल्सिन संप्रेरक नाही, असं मत मांडलं. कार्सेंटी यांनी तिथंच त्याला उत्तर दिलं आणि आपला दावा सोडला नाही.

काय टिकतं

न्यायाने पाहायचं तर कार्सेंटींच्या बाजूचे सगळे कागद एका वंशावर उभे नाहीत. २०१२ मध्ये सिडनीच्या गटाने स्टिरॉइडमुळे साखर बिघडलेल्या उंदरांत जनुक घालून ऑस्टिओकॅल्सिन तयार करवलं, तेव्हा साखर सुधारली. तिथं प्रथिन वाढवून परिणाम पाहिला होता आणि १९९६ च्या उंदरांशी त्याचा संबंध नाही. बशीतल्या वृषणाच्या तुकड्यांचा प्रयोगही वंशातल्या आनुषंगिक बदलांनी सहज उडवून लावता येत नाही.

पण ग्राहीची बाजू डळमळीत आहे. कोपनहेगनच्या गटाच्या जीपीआरसी६ए नसलेल्या उंदरांत हाडांचा कोणताच बिघाड दिसला नाही. २०१७ मध्ये आणखी एक निबंध आला. माणसांत या ग्राहीची जी आवृत्ती बहुतेकांकडे आहे, ती पेशीच्या पृष्ठभागावर न जाता आतच अडकून राहते, असं त्यात दाखवलं. ग्राही पृष्ठभागावर नसेल, तर रक्तातून आलेला निरोप स्वीकारायचा कुणी?

हाडातून संप्रेरक निघूच शकत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. एफजीएफ२३ हे संप्रेरक मुख्यतः हाडाच्या पेशी सोडतात आणि ते मूत्रपिंडातून फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं. २००० साली त्याच्या जनुकातला बिघाड फॉस्फेट वाया जाणाऱ्या एका आनुवंशिक मुडदुसाचं कारण म्हणून सापडला. इथं माणसातला बिघाड आणि माणसातला रोग थेट जुळतात. ऑस्टिओकॅल्सिन आणि टेस्टोस्टेरॉन यांच्या बाबतीत असा भक्कम दुवा अजून हाती आलेला नाही.

उलट दिशेचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनमुळे साखर बदलण्याचा, पुरावा मात्र माणसांतला आहे. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०२१) पोट सुटलेल्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या किंवा तो नुकताच जडलेल्या ५० ते ७४ वयाच्या १,००७ पुरुषांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. त्यांतल्या निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली. दोन वर्षांनी मधुमेह राहिलेल्यांचं प्रमाण टेस्टोस्टेरॉनच्या गटात १२ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात २१ टक्के. पण २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांत हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त निघालं : ३.५० टक्के विरुद्ध २.४६ टक्के. साखरेला मदत करणारं औषध हाडाला राखेलच असं नाही. हाड, साखर आणि टेस्टोस्टेरॉन यांचं नातं सरळ रेषेत जात नाही, हे या दोन चाचण्या सांगतात.

कागदपत्रांचा निवाडा असा : ऑस्टिओकॅल्सिन उंदरांत टेस्टोस्टेरॉन वाढवतं हा दावा गंभीर आणि प्रयोगांवर उभा आहे, पण स्वतंत्र वंशांत तो टिकलेला नाही. पुरुषांत तो सिद्ध झालेला नाही. तेव्हा रक्ततपासणीत ऑस्टिओकॅल्सिन कमी आलं, तर ती हाडाच्या घडणीची खूण समजा आणि तेवढ्यावरून पौरुषाची चिंता करू नका. त्याचं प्रमाण वाढवून टेस्टोस्टेरॉन वाढेल, असं सांगून कुणी पूड किंवा गोळी विकत असेल, तर त्याच्याकडे पुरुषांवर झालेल्या चाचणीचा छापील निबंध मागा. तो दाखवता येत नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या आणि आपली साखर, कंबर आणि हाडं नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.